एक मिनिट, चौसष्ट थ्रेड, एक जीबी : अल्फाझीरो–स्टॉकफिश सामन्यात हार्डवेअरचा वाटा किती?

डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात गुगलच्या डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्ता संस्थेच्या संशोधकांनी एक शोधनिबंध इंटरनेटवर खुला केला. बुद्धिबळाच्या शंभर डावांचा निकाल त्यात होता. स्वतःशीच खेळून शिकलेल्या त्यांच्या अल्फाझीरो या प्रोग्रॅमचे २८ विजय, ७२ बरोबऱ्या आणि पराभव एकही नाही. २८ पैकी २५ विजय पांढऱ्या मोहऱ्यांनी मिळाले होते, तीन काळ्यांनी. समोर होता स्टॉकफिश ८, म्हणजे इंजिनांच्या (बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणक प्रोग्रॅमांच्या) टीसीईसी स्पर्धेचा २०१६ चा विजेता.

निकालाबद्दल आश्चर्य ओसरायच्या आत वाद सुरू झाला, आणि तो खेळापेक्षा यंत्रांबद्दल जास्त होता. अल्फाझीरो चार टीपीयूंवर चालत होता. टीपीयू म्हणजे गुगलनं न्यूरल नेटवर्कसाठी खास बनवलेली चिप. स्टॉकफिशला ६४ थ्रेड (एकाच वेळी समांतर चालणारे शोध) आणि १ जीबी हॅश (आधी तपासलेल्या स्थितींच्या नोंदींसाठी राखलेली स्मृती) मिळाला होता. दोघांनाही प्रत्येक खेळीसाठी ठरावीक एक मिनिट. स्टॉकफिशच्या मूळ निर्मात्यांपैकी एक असलेल्या टोर्ड रोमस्टाड यांनी जाहीरपणे आक्षेप घेतला : वेळेची अट विचित्र आहे, हॅश थ्रेडच्या मानानं फारच लहान आहे, इतक्या थ्रेडवर हे इंजिन कधी नीट तपासलेलंच नाही आणि आवृत्ती वर्षभर जुनी आहे.

हे प्रकरण मला अभ्यासासारखं वाटतं ते एवढ्यासाठी की हार्डवेअरचा खेळाच्या दर्जावर परिणाम होतो हे सगळेच मान्य करतात, पण तो कुठून आणि कसा होतो हे इथे जितकं उघडं पडतं तितकं क्वचितच दिसतं. माझं मत आधीच सांगतो. टीकाकारांचे तपशील बरोबर होते. त्यावरून त्यांच्यातल्या अनेकांनी काढलेला निष्कर्ष, की हा सामना हार्डवेअरनं जिंकला, तो चुकीचा होता. आणि ‘दोघांना सारखं हार्डवेअर द्यायला हवं होतं’ ही मागणी तर मुळातच पुरी होण्यासारखी नव्हती.

एक जीबीचा हिशेब

आधी हॅशचा आक्षेप घेऊ, कारण तो आकड्यांत मांडता येतो.

बुद्धिबळात एकच स्थिती वेगवेगळ्या क्रमानं येऊ शकते. आधी घोडा, मग उंट. किंवा आधी उंट, मग घोडा. पट शेवटी तोच. एकदा तपासलेली स्थिती पुन्हा तपासायला लागू नये म्हणून इंजिन तिची नोंद एका मोठ्या तक्त्यात ठेवतं : सर्वोत्तम खेळी, मूल्यांकन, किती खोल पाहिलं होतं. हाच हॅश टेबल. स्टॉकफिश ८ मध्ये एक नोंद १० बाइटची, आणि अशा तीन नोंदींचा ३२ बाइटचा एक गट. म्हणजे १ जीबीत सुमारे १० कोटी नोंदी बसतात.

शोधनिबंधानुसार स्टॉकफिश सेकंदाला ७ कोटी स्थिती पाहत होता. मिनिटाला ४२० कोटी. प्रत्येक स्थिती नवी नोंद करत नाही, बऱ्याच पुन्हापुन्हा येतात, हे सगळं धरलं तरी तक्ता मिनिटाच्या अगदी सुरुवातीलाच भरून जाणार. पुढचा सगळा वेळ नवी नोंद ठेवायची तर जुनी पुसायची, असा कारभार.

याहून मोठी अडचण थ्रेडची. २०१६ च्या सुरुवातीला आलेल्या स्टॉकफिश ७ पासून या इंजिनानं ‘लेझी एसएमपी’ नावाची पद्धत स्वीकारली. नाव ऐकून आळशीपणा वाटेल, पण युक्ती सुंदर आहे. थ्रेडना काम वाटून देण्याच्या भानगडीत पडायचंच नाही. सगळे थ्रेड एकाच स्थितीपासून, जरा वेगवेगळ्या खोलीनं शोध सुरू करतात. एकाला जे सापडतं ते तो हॅशमध्ये लिहितो आणि दुसरा तिथून उचलतो. थ्रेडमधला संवाद होतो तो जवळजवळ एवढाच. म्हणजे हॅश ही नुसती स्मरणवही उरत नाही, ती चौसष्ट जणांची एकमेकांशी बोलण्याची पाटी असते. पाटी लहान असेल तर एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचायच्या आधीच पुसलं जातं आणि दोघं तेच काम पुन्हा करत बसतात. सेकंदाला ७ कोटी हा आकडा तसाच दिसतो, कारण पुन्हा पाहिलेली स्थितीही मोजली जातेच. खोली मात्र तेवढी वाढत नाही.

म्हणून एखाद्या इंजिनाचा वेग सांगताना कुणी फक्त सेकंदाला किती स्थिती एवढंच सांगितलं, तर मला ते अपुरं वाटतं. थ्रेड दुप्पट केले की हा आकडा जवळजवळ दुप्पट होतो, खेळाची ताकद त्या प्रमाणात वाढत नाही. ताकद ठरते ती त्यातलं किती पाहणं नवीन होतं यावर.

वेळेच्या अटीबद्दल थोडक्यात. ठरावीक एक मिनिट म्हणजे सोंगटी परत मारण्याच्या उघड खेळीलाही एक मिनिट आणि डावाचं पारडं फिरवणाऱ्या खेळीलाही एकच मिनिट. स्टॉकफिशमध्ये वेळ कुठे वाचवायचा आणि कुठे खर्चायचा याचं गणित वर्षानुवर्षं घासूनपुसून बसवलेलं होतं. आवडती खेळी मध्येच बदलली तर तो जास्त वेळ घेतो. ते सगळं इथे निकामी झालं.

दोन वेगळ्या जातींचं गणित

आता मूळ प्रश्नाकडे. दोघांना सारखं हार्डवेअर का देता आलं नसतं?

स्टॉकफिशसारखं इंजिन ज्या तऱ्हेचं काम करतं ते साध्या प्रोसेसरच्या अंगवळणी पडलेलं आहे. पटावर ६४ घरं आणि आजच्या प्रोसेसरचा शब्द ६४ बिटांचा. हा योगायोग इंजिन लिहिणाऱ्यांनी पुरेपूर वापरला. पांढरी सगळी प्यादी एका ६४ बिटी संख्येत मावतात. ती संख्या आठ बिटांनी सरकवली की सगळी प्यादी एकदम एक घर पुढे. हत्ती आणि उंटाच्या वाटा शोधायला तर काही प्रोसेसरमध्ये ‘पेक्स्ट’ नावाची सूचना आहे, जी वाटेवरचे विखुरलेले बिट एका फटक्यात गोळा करते. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये ती २०१३ पासून वेगवान होती. एएमडीच्या पहिल्या दोन झेन पिढ्यांत होती, पण इतकी संथ की इंजिनची ती सूचना टाळणारी आवृत्ती वापरणंच शहाणपणाचं. झेन ३ मध्ये ती सुधारली. एकच प्रोग्रॅम, तोच स्रोत, आणि एका सूचनेपायी वेगात फरक. ज्यांना दोन संगणकांवर एकाच इंजिनची वेगळी चाल दिसते त्यांनी अशा कोपऱ्यांत जरूर डोकावावं.

स्टॉकफिशच्या शोधात गुणाकार फार नाहीत. आहेत ते ‘असं असेल तर तसं’ असे असंख्य फाटे. ही फांदी बघायची की छाटायची, हॅशमध्ये काही आहे का, राजाला शह बसतो का. अशा कामाला हवा फाट्यांचा अंदाज घेणारा, स्मृतीकडे झटपट जाऊन येणारा प्रोसेसर.

अल्फाझीरोचं काम अगदी उलटं. त्याच्या नेटवर्कमध्ये १९ रेसिड्युअल ब्लॉक, म्हणजे एकामागोमाग रचलेले हिशेबाचे टप्पे, प्रत्येकात दोन थर, प्रत्येक थरात २५६ फिल्टर. ३×३ च्या खिडकीनं ६४ घरांवर हिशेब केला की एका स्थितीच्या मूल्यांकनाला सुमारे १४० कोटी गुणाकार-बेरजा लागतात. एका स्थितीला! अल्फाझीरो सेकंदाला ८०,००० स्थिती पाहत होता, म्हणजे सेकंदाला सुमारे ११० लाख कोटी गुणाकार-बेरजा. पहिल्या पिढीच्या टीपीयूत २५६×२५६, म्हणजे ६५,५३६ गुणाकार घटक एका चौकोनात बसवलेले असतात आणि ७०० मेगाहर्ट्झवर ते एकसाथ चालतात. अशा चार चिप्सची कागदावरची कमाल १८४ लाख कोटींच्या आसपास येते. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की लक्षात येतं, प्रोग्रॅम त्या चिपच्या मापानं बेतलेला होता. चिप भरून वाहत होती.

आता अदलाबदल करून पाहू. अडीच गिगाहर्ट्झचा, ३२ कोअरचा त्या काळचा तगडा सर्व्हर घेतला, प्रत्येक कोअरनं प्रोसेसरच्या घड्याळाच्या एका ठोक्याला १६ गुणाकार-बेरजा केल्या आणि एकही ठोका वाया गेला नाही असं मानलं, तरी अल्फाझीरोचं नेटवर्क सेकंदाला जेमतेम नऊशे स्थिती पाहू शकलं असतं. ८०,००० वरून नऊशेवर. स्टॉकफिशला टीपीयूवर बसवायचं म्हटलं तर मंद चालण्याचाही प्रश्न नाही, तो चालणारच नाही. त्या चिपला फाटे फोडता येत नाहीत. यजमान संगणकानं सांगितलेले मोठाले गुणाकार करणं एवढंच तिला ठाऊक.

म्हणजे ‘सारखं हार्डवेअर’ म्हणून कुठलंही एक यंत्र निवडा, त्या निवडीनंच विजेता ठरतो. किमतीनं सारखं करायचं का, विजेच्या वापरानं, की ट्रान्झिस्टरच्या संख्येनं? प्रत्येक मापाचं उत्तर वेगळं येईल आणि प्रत्येकामागे काही ना काही युक्तिवाद उभा करता येईल.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि जो कॉन्डन यांनी बनवलेलं बेल हे खास बुद्धिबळाचं यंत्र १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सेकंदाला सुमारे १.६ लाख स्थिती पाहत असे. ते १९८० मध्ये संगणकांचं विश्वविजेतं झालं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मास्टर दर्जा मिळवणारं पहिलं यंत्र ठरलं. १९९७ मध्ये विश्वविजेत्या कास्पारोव्हला हरवणारं डीप ब्लू ४८० खास चिप्स घेऊन सेकंदाला २० कोटींपर्यंत पोहोचलं होतं. आणि २०१७ चा अल्फाझीरो स्थितींच्या मोजणीत बेलच्याही निम्म्यावर! थॉम्पसननं बेलवर केलेल्या प्रयोगांत शोध एक खेळी खोल नेला की खेळाची ताकद दाखवणाऱ्या एलो मानांकनात सुमारे २०० गुणांची भर पडत होती, वरच्या खोलीवर ती कमी होत गेली. त्या काळापासून ‘जास्त वेग म्हणजे जास्त ताकद’ हे समीकरण मनात पक्कं बसलं होतं, आणि एकाच प्रोग्रॅमपुरतं ते खरंही आहे. प्रोग्रॅम बदलला की मात्र वेगाचं एककच बदलतं. १४० कोटी गुणाकार करून पाहिलेली स्थिती आणि काही शे सूचनांत उरकलेली स्थिती यांना ‘एक स्थिती’ म्हणून एकाच खात्यात मांडण्यात अर्थ नाही.

पुन्हा खेळवलं तेव्हा

डीपमाइंडनं आक्षेप ऐकले, हे मला या प्रकरणातलं सर्वात चांगलं वाटतं. डिसेंबर २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात सामना नव्यानं खेळवलेला होता. हजार डाव. प्रत्येक बाजूला तीन तास आणि दर खेळीला १५ सेकंदांची भर, म्हणजे वेळेचं नियोजन स्टॉकफिशच्या हाती. ४४ कोअर, ३२ जीबी हॅश, शेवटच्या टप्प्यासाठी एंडगेम टेबलबेस, म्हणजे मोजक्याच सोंगट्या उरलेल्या स्थितींच्या अचूक उत्तरांचा साठाही. अल्फाझीरोकडे तेच चार टीपीयू.

हॅशचा हिशेब पुन्हा करू. ३२ जीबीत ३२० कोटींहून जास्त नोंदी. सेकंदाला ६ कोटी स्थिती आणि एका खेळीला सरासरी तीन मिनिटं धरली तर १,०८० कोटी स्थिती. आधी एका नोंदीमागे ४२ स्थिती होत्या, आता साडेतीनच्या आत. पाटी पुरेशी मोठी झाली होती.

निकाल : अल्फाझीरो १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबऱ्या.

पहिल्या सामन्यात अल्फाझीरोला ६४ टक्के गुण होते, एलोच्या सूत्रानं सुमारे १०० गुणांचा फरक. दुसऱ्यात ५७.४५ टक्के, म्हणजे सुमारे ५२ गुण. फरक जवळजवळ निम्म्यावर आला. त्यातला किती भाग हॅशचा, किती वेळेच्या नियोजनाचा आणि किती नुसत्या जास्त वेळाचा (वेळ वाढला की बरोबऱ्या वाढतातच) हे वेगळं काढता येत नाही, कारण सगळ्या गोष्टी एकदम बदलल्या. अभ्यास म्हणून पाहिलं तर ही उणीव आहे. एकेक अट बदलून शंभर-शंभर डाव खेळवले असते तर आज आपल्याकडे फार मोलाची माहिती असती. तरी दोन गोष्टी ठाम सांगता येतात. पहिल्या सामन्याच्या अटी स्टॉकफिशला जड गेल्या होत्या. आणि त्या काढून टाकल्यावरही तो हरलाच.

त्याच निबंधात वेळेची सवलत देऊनही सामने खेळवले होते. स्टॉकफिशच्या एकदशांश वेळात खेळूनही अल्फाझीरो वरचढ राहिला. हार्डवेअरच्या भाषेत याचा अर्थ असा की चार टीपीयूंऐवजी एका टीपीयूच्या निम्म्याहूनही कमी ताकद मिळाली असती, तरी निकाल उलटला नसता. मला हा पुरावा हजार डावांच्या निकालापेक्षाही वजनदार वाटतो.

फरक खेळातही दिसत होता. पहिल्या सामन्यातले दहाच डाव तेव्हा प्रसिद्ध झाले. त्यातल्या क्वीन्स इंडियन या सुरुवातीच्या एका गाजलेल्या डावात पांढरा सातव्या खेळीलाच डी-५ वर प्यादं सोडून देतो. पुढे काळ्याच्या सोंगट्या हळूहळू कोंडल्या जातात आणि शेवटी कुठलीही खेळी केली तरी नुकसानच अशी अवस्था येते. प्याद्याची किंमत लगेच मोजता येते, कोंडमाऱ्याची किंमत तीस-तीस खेळ्यांनी कळते. तितकं खोल मोजून पाहणं ७ कोटींच्या वेगालाही शक्य नव्हतं. कोंडमारा ओळखणारी नजर मूल्यांकनातच असावी लागते.

पडद्यामागचं हार्डवेअर

‘चार तासांत शिकला’ हे वाक्य तेव्हा सगळीकडे फिरलं. ते खोटं नाही, पण त्यातून चित्र अर्धंच दिसतं. स्वतःशी डाव खेळायला ५,००० टीपीयू लावले होते, आणि बुद्धिबळाचं पूर्ण प्रशिक्षण नऊ तास चाललं. गुणाकार केला तर ४५,००० टीपीयू-तास होतात. एकच टीपीयू लावला असता तर पाच वर्षांहून जास्त. त्या काळात सुमारे ४.४ कोटी डाव खेळले गेले.

सामन्याच्या दिवशी टेबलावर असलेल्या चार टीपीयूंवर एवढी चर्चा झाली आणि या ५,००० वर त्या मानानं फार कमी, याचं मला आजही नवल वाटतं. कोंडमारा ओळखणारी ती नजर जिथून आली ते हार्डवेअर हे होतं. स्टॉकफिशचाही असा भूतकाळ आहेच : प्रत्येक बारीकसा बदल स्वीकारण्याआधी स्वयंसेवकांच्या संगणकांवर हजारो डाव खेळवून तपासला जातो. दोन्ही बाजूंनी आधीच खर्च झालेली गणनशक्ती प्रोग्रॅममध्ये मुरलेली असते, ती सामन्याच्या अटींत लिहिली जात नाही.

त्यानंतरचं मोजमाप

अल्फाझीरोची कल्पना घेऊन २०१८ मध्ये लीला चेस झीरो हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. तो ग्राफिक्स कार्डांवर चालतो, त्यामुळे स्टॉकफिशशी बरोबरीच्या लढतीचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेव्हा लोकांनी एक गुणोत्तर काढलं. ७ कोटी भागिले ८०,००० म्हणजे ८७५. लीलाचा वेग ८७५ नं गुणायचा, स्टॉकफिशच्या वेगानं भागायचा. उत्तर एक आलं तर परिस्थिती २०१७ च्या सामन्यासारखी. याला ‘लीला रेशो’ म्हणू लागले. ज्या सामन्याच्या अटींवर एवढी टीका झाली त्याच अटी न्याय्य तुलनेचं एकक होऊन बसल्या. शिवाय लीलाचं नेटवर्क मोठं झालं की वेग घटतो आणि गुणोत्तर सांगतं की हार्डवेअर कमकुवत आहे, कार्ड तेच असलं तरी. २०१९ मध्ये टीसीईसीच्या पंधराव्या हंगामाच्या अंतिम सामन्यात लीलानं स्टॉकफिशला ५३.५–४६.५ असं हरवलं, तेव्हाही वाद पुन्हा ग्राफिक्स कार्डांवरच आला.

कोंडी फोडली ती वेगळ्याच बाजूनं. यू नासु या जपानी प्रोग्रॅमरनं २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी असं नेटवर्क तयार केलं होतं जे साध्या प्रोसेसरवरच पळावं. त्याचा पहिला थर प्रचंड, पण एका खेळीनं पटावर दोन-तीनच गोष्टी बदलतात. म्हणून पूर्ण थर पुन्हा न मोजता तेवढीच वजाबाकी-बेरीज करायची. पुढचे थर इवलेसे आणि ८ बिटी आकड्यांत. २५६ बिटांच्या एका रजिस्टरमध्ये असे ३२ आकडे शेजारीशेजारी बसतात आणि एका सूचनेत त्यांचा हिशेब होतो. हे तंत्र घेऊन सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आला. त्याच संगणकावर तो स्टॉकफिश ११ पेक्षा सेकंदाला बऱ्याच कमी स्थिती पाहत होता, आणि त्याला सहज हरवत होता. फेब्रुवारी २०२४ च्या १६.१ आवृत्तीत हातानं लिहिलेलं जुनं मूल्यांकन पूर्णपणे काढून टाकण्यात आलं.

स्टॉकफिश ८ आजही कुणालाही उतरवून घेता येतो. ६४ थ्रेड द्यायचे, हॅश १ जीबी ठेवायचा, खेळीला एक मिनिट लावायचं : त्या शंभर डावांची एक बाजू जशीच्या तशी पुन्हा मांडता येते. दुसरी बाजू मांडता येत नाही. अल्फाझीरो कधीच सार्वजनिक झाला नाही, आणि पहिल्या पिढीचे टीपीयू कुणाला विकत मिळाले नाहीत.